कितानोची चढण : कोबे शहरातील एका वस्तीची ओळख

मुंबईच्या मांडवी भागात सॅम्युएल स्ट्रीटवरून वडिलांचे बोट धरून शब्बाथाच्या तेफिल्लेला गेलेले कितीतरी वाचक आज लोद, अश्दोद, बेर-शेवा किंवा दिमोना येथे राहत आहेत. वस्ती म्हणजे काय, हे त्यांना निराळे समजावून सांगावयास नको. धान्याच्या व मसाल्याच्या वखारी, हमालांच्या आरोळ्या, निरनिराळ्या धर्मांची प्रार्थनास्थळे, आणि त्या गजबजाटातच सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली स्थापिलेले आपले 'शाअर हारहमीम' सिनेगॉग. जवळच्या 'मशीद' रेल्वे-स्थानकाच्या नावातील मशीद ती हीच, असे परंपरेने सांगितले जाते. आपल्या आजी-आजोबांच्या मराठीत सिनेगॉगला 'मशीद' असाच शब्द होता.

अशाच एका गजबजलेल्या वस्तीतून पायी हिंडण्याचा योग आम्हांस जपान देशी कोबे शहरात आला. या वस्तीचे नाव कितानो-चो. आजचे प्रवासी येथे जुने विदेशी बंगले पाहण्यास, कॉफी पिण्यास व छायाचित्रे काढण्यास येतात. आम्हांस मात्र येथे आपल्या लोकांच्या पाऊलखुणा शोधावयाच्या होत्या. त्या शोधात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कोबे शहराची ठेवण कोकणच्या माणसास पाहताक्षणी ओळखीची वाटते. उत्तरेस रोक्को पर्वताची रांग, दक्षिणेस समुद्र आणि या दोहोंच्या मध्ये दाटीवाटीने वसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. कोबेचे लोक दिशा सांगताना 'डोंगराकडची बाजू' व 'समुद्राकडची बाजू' असेच म्हणतात. आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात डोंगर पूर्वेस व समुद्र पश्चिमेस, एवढाच काय तो फरक! सान्नोमिया रेल्वे-स्थानकातून बाहेर पडून डोंगराकडे तोंड केले की 'कितानो-झाका' म्हणजे कितानोची चढण सुरू होते. दुतर्फा उपाहारगृहे, मिठाईची व कापडचोपडाची दुकाने. चढता चढता रस्ते अरुंद होत जातात आणि गल्ल्यांना पायऱ्या फुटतात. मध्येच एखाद्या वळणावर मागे पाहावे, तो खाली बंदर चमकत असते.

या बंदरातूनच ही वस्ती जन्मास आली. दीर्घकाळ परकीयांना जवळजवळ बंद असलेल्या जपानने जी थोडी बंदरे खुली केली, त्यांत १ जानेवारी १८६८ रोजी कोबेची भर पडली. समुद्रकाठी परकीयांसाठी आखीव वसाहत उभी राहिली व तिच्यात १२६ भूखंड पाडण्यात आले. परंतु ही जागा अपुरी पडणार, हे लवकरच दिसून आले. म्हणून वसाहतीबाहेर, डोंगराच्या पायथ्यापर्यंतच्या भागात, परकीयांनी जपानी लोकांच्या शेजारी घर घेऊन राहावे, अशी मुभा देण्यात आली. पुढे १८९९ साली मूळ वसाहत जपानच्या ताब्यात परत गेली. पण शेजाराची जी सवय लागली होती, ती मोडली नाही. व्यापाऱ्यांनी कचेऱ्या खाली बंदराजवळ ठेवल्या व घरे वर कितानोत बांधली. भिंतीआड वेगळे राहण्याऐवजी शेजारी म्हणून राहणे, हे या वस्तीचे पहिले वैशिष्ट्य होय.

या इतिहासात मुंबईचाही वाटा आहे. जपानच्या सूतगिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता, परंतु त्याची वाहतूक युरोपीय आगबोट-कंपन्यांच्या हाती होती. १८९३ साली जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने 'निप्पॉन युसेन काइशा' या जपानी कंपनीने मुंबईशी नियमित वाहतूक सुरू केली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'हिरोशिमा मारू' ही आगबोट कोबेहून मुंबईस निघाली. कापसाच्या गाठींच्या मागोमाग माणसेही आली. सिंधी, गुजराती, शीख व मुसलमान व्यापाऱ्यांनी कोबेत पेढ्या घातल्या. १९२३ च्या भूकंपात योकोहामा शहर उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक हिंदी व ज्यू व्यापारी कोबेस येऊन राहिले.

आता बंगल्यांकडे वळू. येथील सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे गॉटफ्रीड थॉमस या जर्मन व्यापाऱ्याने १९०९ च्या सुमारास बांधविलेला लाल विटांचा बंगला. त्याच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखविणारा वातकुक्कुट आहे व त्यावरूनच घराचे नाव पडले आहे. जवळच अमेरिकन कॉन्सल-जनरल हंटर शार्प यांचे १९०३ साली बांधलेले फिकट हिरव्या रंगाचे लाकडी घर आहे. आणखी वर चढून गेल्यास 'उरोको नो इए' लागते. जपानी भाषेत 'उरोको' म्हणजे माशाचे खवले. या घराच्या भिंतींवर पाटीच्या दगडाचे तुकडे खवल्यांसारखे एकावर एक बसविलेले आहेत. ते पाहताना आम्हांस दाविद रहाबीची कथा आठवल्यावाचून राहिली नाही. पंख व खवले असलेलेच मासे निवडून घेणाऱ्या कोकणातील स्त्रियांना पाहून त्याने आपले पूर्वज इस्रायलाचे पुत्र असल्याचे ताडले, अशी आपली परंपरा सांगते.

तेथून जवळच 'ससून बंगला' नावाची वास्तू आहे. हे नाव ऐकताच मुंबई-पुण्याच्या वाचकांस ससून डॉक, ससून रुग्णालय व पुण्याचे लाल देऊळ आठवेल. आमचेही पाय तेथे थबकले. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने नावावरून घाईने अनुमान काढू नये. मुंबईचे डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात वारले व लाल देवळाच्या आवारातच त्यांचे दफन झाले. कोबे बंदर खुले झाले ते त्यानंतर चार वर्षांनी, आणि हा बंगला १८९२ चा. ससून घराण्याच्या पेढीच्या शाखा जपानच्या बंदरांपर्यंत पोहोचल्या होत्या हे खरे; तथापि हे घर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते गृहस्थ सीरियातून आलेले दुसरेच ज्यू व्यापारी होत. नाव एक, माणसे दोन. एवढे मात्र निश्चित की बगदाद, हलब, इराण आणि रशिया अशा चहूंकडून ज्यू लोक या चढणीवर येऊन राहिले होते.

कितानोचे खरे वैभव आम्हांस बंगल्यांपेक्षा तिच्या प्रार्थनास्थळांत दिसले. वस्तीला नाव देणारे कितानो तेन्मान हे शिंतो देवस्थान ११८० साली, तैरा नो कियोमोरी याने राजधानी या भागात आणली त्या वेळचे, असे सांगितले जाते. उंच पायऱ्या चढून तेथे गेले की सारे शहर पायाखाली दिसते. खाली नाकायामाते रस्त्यावर १९३५ साली उघडलेली मशीद आहे. जपानातील ही पहिली मशीद. तिच्या उभारणीत हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांचा पुढाकार होता. भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी जैन मंदिर १९८५ साली झाले. आणि याच परिसरात, एका साध्या उतरत्या गल्लीत, १९७० साली बांधलेले 'ओहेल शेलोमो' सिनेगॉग आहे. आजीच्या भाषेत बोलावयाचे तर या एका वस्तीत दोन 'मशिदी' आहेत, आणि दोहोंमधील अंतर काही मिनिटांचे.

सिनेगॉग बाहेरून अगदी साधे आहे. ठाऊक नसल्यास मनुष्य पुढे निघून जाईल. आज कोबेत कायम राहणारी ज्यू कुटुंबे थोडी आहेत. व्यापारानिमित्त येणारे पाहुणे व प्रवासी यांची त्यांत भर पडते. दारावरील इब्री अक्षरे दिसली तेव्हा डोंगराच्या त्या परक्या उतारावर आम्हांस एकदम घरी आल्यासारखे वाटले. परंतु ज्या घटनेमुळे कोबेचे नाव ज्यू इतिहासात कायमचे लिहिले गेले, ती या इमारतीत घडलेली नाही. ती घडली हिच्या तीस वर्षे आधी, जवळच्याच यामामोतो रस्त्यावर.

१९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कोव्हनो शहरी पोलंडमधून पळून आलेले हजारो ज्यू अडकून पडले होते. तेथील डच प्रतिनिधी यान झ्वार्टेन्डाइक यांनी त्यांच्या कागदपत्रांवर कुरासाओ बेटास जाण्यास व्हिसा लागत नाही अशी नोंद करून दिली. तिच्या आधारे जपानचे उपकॉन्सल चिउने सुगिहारा यांनी जपानमार्गे जाण्याचे परवाने दिले. टोकियोहून आलेले आदेश प्रतिकूल असतानाही ते दिवसचे दिवस हाताने परवाने लिहीत राहिले. त्यांच्या यादीत २,१३९ नावे आहेत. पुढे याद वाशेमने या दोघांचाही 'हसिदे उमोत हाओलाम' म्हणून गौरव केला, हे वाचकांस ठाऊक असेलच.

हे लोक आगगाडीने सायबेरिया ओलांडून व्लादिव्होस्तोक बंदरी आले, तेथून आगबोटीने जपानच्या त्सुरुगा बंदरी उतरले व पुन्हा आगगाडीने कोबेस पोहोचले. त्सुरुगाच्या लोकांनी त्यांना सफरचंदे वाटली व एका सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकाने त्यांना मोफत स्नान करू दिले, अशा आठवणी तेथील संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. जर्मनीतून वेगळ्या परवान्यांवर आलेले ज्यूही कोबेत होते. १९४० च्या मध्यापासून १९४१ च्या अखेरपर्यंत एकंदर सुमारे साडेचार हजार निर्वासित या शहरातून गेले. त्या काळी कोबेची ज्यू जमात मूठभर होती. शिवाय अश्केनाझी व सफारदी यांची प्रार्थनास्थळेही निरनिराळी होती. तरी या लहानशा जमातीने परदेशांतील ज्यू मदतसंस्थांच्या साहाय्याने आल्यागेल्याच्या राहण्याची, अन्नाची व कागदपत्रांची सोय केली. यामामोतो रस्त्यावरील अश्केनाझी जमातीचे घर हे या कार्याचे केंद्र होते.

परवान्यांची मुदत मात्र अवघ्या काही दिवसांची होती. ती वाढवून घेण्याच्या कामी सेत्सुझो कोत्सुजी या जपानी विद्वानाने मोठे साह्य केले. हे गृहस्थ शिंतो पुरोहितांच्या कुळातले; परंतु इब्री भाषेचे पंडित. परराष्ट्रमंत्री मात्सुओका यांच्याशी असलेला जुना परिचय त्यांनी निर्वासितांसाठी कामी आणला. पुढे १९५९ साली त्यांनी यरुशलेम येथे ज्यू धर्म स्वीकारून अब्राहाम हे नाव धारण केले. १९७३ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही यरुशलेम येथेच झाले.

निर्वासितांत मीर गावच्या प्रसिद्ध येशिवाचे गुरू व विद्यार्थी होते. अशा धर्मनिष्ठ मंडळींपुढे कोबेत एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. येथे शब्बाथ कोणत्या दिवशी पाळावा? वाचकांस हा प्रश्न चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडा खुलासा करतो. पृथ्वी गोल असल्यामुळे नवा दिवस कोठून तरी मोजावयास सुरुवात केली पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्यवहारात ही रेषा पॅसिफिक महासागरात कल्पिलेली आहे. परंतु बनेई ब्राक येथील थोर पंडित 'हझोन ईश' यांचे मत असे की धर्मशास्त्राप्रमाणे ही रेषा यरुशलेमच्या पूर्वेस ९० अंशांवर, म्हणजे सुमारे १२५ रेखांशावर धरावी. कोबे तर १३५ रेखांशावर आहे. जपानची घड्याळे ज्या रेखावृत्तावर चालतात, ते शेजारच्या आकाशी शहरातून जाते. तेव्हा या मताप्रमाणे जपानचा शनिवार हा वास्तविक शुक्रवार ठरतो व शब्बाथ रविवारी येतो!

१९४१ चा किप्पूर जवळ आला, तेव्हा बहुसंख्य निर्वासितांची शांघायकडे रवानगी झाली होती. जपानात उरलेल्यांसाठी यरुशलेमकडे तारेने विचारणा झाली. किप्पूर १ ऑक्टोबर, बुधवारी येत होता. मुख्य रब्बी हर्झोग यांनी पंडितांची सभा बोलाविली व उपवास बुधवारीच करावा असा कौल मिळाला. हझोन ईश यांनी मात्र बुधवारी जेवा व गुरुवारी उपवास करा, असे कळविले. काहींनी दोन्ही मतांचा मान राखून दोन दिवस उपवास केला. आपल्याकडे या सणास 'दारफाळणीचा सण' म्हणत. शुभ्र वस्त्रे नेसून, घरांची दारे लावून आपले पूर्वज तो पाळीत. परक्या देशी, ज्यांना स्वतःचे एकही दार उरले नव्हते, अशा माणसांनी तो दोन दोन दिवस पाळावा, हे वाचून कोणाचे मन हेलावणार नाही?

या चढणीवर उभे असताना आमच्या मनात जो विचार आला, तो येथे स्पष्टपणे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणे, हीच शतकानुशतके त्यांची ओळख होती. त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, येशिवा नव्हती, तार करून विचारावे असे कोणी रब्बी नव्हते. तरी त्यांचा शनिवार चुकला नाही. असे असताना आपल्यालाच प्रश्न विचारले गेले. १८३६ साली मुंबईतील काही प्रमुख बगदादी गृहस्थांनी कबरस्तानात त्यांच्या व आपल्या कबरींमध्ये भिंत घालावी, असा सरकारकडे अर्ज केला. इस्रायल देशी आल्यावरही १९६२ साली रब्बीनेटने विवाहापूर्वी आपल्या पिढ्यांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी धरणे धरले, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला, तेव्हा कोठे वाद मिटला.

कोबेतील त्या पंडितांचा तर शब्बाथाच्या दिवसाविषयीच मतभेद होता. एकाचा शब्बाथ दुसऱ्याच्या हिशेबी कामाचा दिवस ठरत होता. तरी त्यावरून कोणी कोणाच्या ज्यू असण्याविषयी शंका घेतली नाही, वा कोणी भिंत मागितली नाही. आमचा यात कोणास दोष देण्याचा हेतू नाही. बगदादी बांधवांनी आपणांस दिलेलाही हात आम्ही विसरलेलो नाही. माझगावच्या आपल्या शाळेस ज्यांचे नाव आहे, ते सर एली कदूरी बगदादी घराण्यातीलच होते. आणि कोबेहून निघालेले निर्वासित ज्या शांघायला पोहोचले, तेथेही कदूरी कुटुंबाने निर्वासित मुलांसाठी शाळा चालविली. म्हणणे एवढेच की परीक्षा येणाऱ्याची घ्यावयाची की दार उघडणाऱ्याची, हे कितानोत चांगले समजते.

यामामोतो रस्त्यावरील ते घर आज नाही. १९४५ च्या मार्च व जून महिन्यांतील हवाई हल्ल्यांत कोबे शहर जळाले, त्यांत तेही गेले. आज त्या जागी एक शिक्षणसंस्था आहे. तिच्या आवाराशी जुन्या दगडी भिंतीचा एक तुकडा मात्र शिल्लक आहे. साडेचार हजार माणसांच्या वास्तव्याची एवढीच वास्तुरूप खूण! त्यांची मुद्रा पाहावयाची असल्यास ओसाकाच्या 'तांपेई' छायाचित्र-मंडळातील सहा जणांनी १९४१ साली कोबेत काढलेली छायाचित्रे आहेत. त्यांतील एक सुप्रसिद्ध चित्रकथाकार ओसामू तेझुका यांचे वडील होते. पुत्राने पुढे, १९८३ ते १९८५ या काळात, कोबेतील एका ज्यू मुलाची कथा आपल्या 'अडॉल्फ' या दीर्घ चित्रकथेत रंगविली.

जी घरे बाँबहल्ल्यांतून वाचली, त्यांतील अनेक पुढे नव्या इमारतींसाठी पाडली गेली. १९७७ साली जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर वातकुक्कुटाच्या नावाची मालिका सुरू झाली, लोकांची रीघ लागली, आणि १९८० साली हा परिसर ऐतिहासिक वास्तुसमूह म्हणून संरक्षित झाला. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. मशीद तेव्हाही उभी राहिली. वातकुक्कुटाच्या बंगल्याची पडझड झाली, पण तो पुन्हा बांधून काढण्यात आला. घर पडले तरी त्याची आठवण लोकांनी जिवंत ठेवली असेल, तर ते पुन्हा उभे करता येते. आठवण गेली, तर धड उभी असलेली इमारतही मुकी होते.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे कोबे होते तसेच रेवदंडा, अलिबाग, पनवेल व पेणही होते. तेथील आपली सिनेगॉगे उभी आहेत, पण अनेक वाड्यांतून आता आपले एकही घर नाही. आळीत कोणाचे घर कोठे होते, विहीर कोणाची, मालिदा कोणाच्या ओटीवर होई, घाणा कोठे चाले, हे सांगणारी माणसे आपल्यातून वर्षागणिक कमी होत आहेत. म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. येत्या शब्बाथाचे भोजन आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या जुन्या आळीतून मनाने एक फेरी मारावयास लावा. नातवंडांनी ऐकावे, आणि शब्बाथ सरल्यावर ते वहीत लिहून काढावे. इब्रीत लिहिले तरी चालेल, पण गावांची, घरांची व माणसांची नावे आजी-आजोबांनी उच्चारली तशीच लिहावीत. कोबेत साडेचार हजारांमागे एक भिंत तरी उरली आहे. आपल्या कित्येक आळ्यांची तेवढीही खूण आता राहिलेली नाही.